जाऊबाईंच्या चोवीस वाट्या

माझं अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही माहीत नाही. ही मुलीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती, ती मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. तिथे कोणी हात घालत नाही. पण शाळेत बाई म्हणायच्या, चुकीचं लिहिलं तर निदान लाज तरी वाटू द्या. म्हणून माफी. मी चौथीपर्यंत शिकले, तेही गोंदियाकडच्या खेड्यात. नंतर लग्न होऊन रायपूरला आले तर इथे पाट्या सगळ्या हिंदीत, त्यामुळे जे येत होतं तेही मोडकं झालं.

मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते. आमच्या जाऊबाई म्हणतात, "छोटीच्या तोंडात मूग नाही, अख्खा हंडा भरून ठेवलाय." त्या मोठ्या जाऊ, मी छोटी. पुरानी बस्तीत आमचं घर आहे. दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या, मधे आंगण, आणि आंगणात एक नळ, ज्याच्यावरून आमचं रोजचं बोलणं होतं. म्हणजे त्या बोलतात, मी बादली भरते.

मी शंकर नगरला एका ताईंकडे स्वयंपाकाला जाते. ताई पुण्याच्या, नोकरीसाठी इथे आलेल्या. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा फळांचं बिस्किट पाहिलं. त्यांनी ताटाएवढं मोठं गोल बिस्किट भाजलं होतं, वर क्रीम लावायचं आणि त्यावर फळं मांडायची. ताईंना ऑफिसातून फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. फळं चिरून पडली होती. संत्र्याच्या फोडी, काळी द्राक्षं, पपई, डाळिंबाचे दाणे. मला नुसतं बसवेना. मी बोटांनी मांडत गेले. कडेनं संत्र्याची वेल, मधे पपईचं कमळ, पाकळ्यांच्या टोकाला एकेक द्राक्ष, आणि ठिपक्यांच्या जागी डाळिंब. दारात रांगोळी काढते तशीच काढली. कागदावर मला सरळ रेघ मारता येत नाही, पण जमिनीवर आणि ताटात हात चुकत नाही.

ताई परत आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "अहो, हे तुम्ही केलंत? याचे लोक पैसे देतात, माहीत आहे का?"

मला वाटलं रागावल्या. मी म्हणाले, "काढून टाकते."

"काढताय कुठे! थांबा, फोटो घेऊ द्या."

नंतर त्यांनी मला सगळं शिकवलं. मैदा, लोणी आणि पिठीसाखर किती घ्यायची, पीठ जास्त मळलं तर बिस्किट कसं दगड होतं, गार झाल्याशिवाय क्रीम का लावायचं नाही. क्रीममध्ये त्या परदेशी चीज घालायच्या. ते महाग होतं. मी एकदा घाबरत त्याच्या जागी चक्का घातला, श्रीखंडाला बांधतो तसा रात्रभर टांगलेला. ताईंनी चाखलं आणि म्हणाल्या, "हेच जास्त छान आहे." तेव्हापासून चक्काच.

मग मला स्वतःचा ओव्हन घ्यायचं वेड लागलं. घरचे, म्हणजे मुलीचे बाबा, उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात मिलमध्ये शिफ्टला जातात, त्यांच्या पगारात ओव्हन बसत नव्हता. मी कोणाला म्हणालेही नाही, नुसती दुकानाच्या काचेसमोर उभी राहायची. ते जाऊबाईंना कळलं. त्यांना सगळं कळतं. त्यांची बीसी नुकतीच फुटली होती, म्हणजे महिन्याच्या भिशीत त्यांचा नंबर लागला होता. त्या पैशांचा त्या नवा कूलर घेणार होत्या. जुन्या कूलरमधून वारा कमी आणि आवाज जास्त यायचा. एके दिवशी नळावर त्यांनी पदरातली पैशांची पुडी सरळ माझ्या बादलीत टाकली, बादली रिकामी होती म्हणून बरं.

"होळीपर्यंत पाहिजेत मले. होळीनंतर या घरात राहवत नाही, कूलर लागतेच. नाही दिले तर ओव्हन विकून टाकीन, सांगून ठेवते. मग रडून नको राहू."

मी मान हलवली. ओव्हन आला. त्याच्यावर मी रुमाल घालून ठेवते.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी थोडं थोडं विकलं. शेजारी वाढदिवसाला एक, ताईंच्या ऑफिसात दोन. त्यातले अर्धे पैसे फळांतच जायचे. जाऊबाईंना मी निम्म्याहून कमी फेडले होते आणि थंडी सरत आली होती. तेव्हा ताईंनी हळदीकुंकू ठरवलं. चाळीस बायका, रायपूरच्या जुन्या मराठी घरांतल्या आणि ऑफिसातल्या, सगळ्या. "खाऊ तुमच्याकडून. तळहाताएवढी छोटी छोटी बिस्किटं करा, प्रत्येकीला एक. आणि मी सगळ्यांना सांगणार आहे कोणी केलं ते."

मला दोन रात्री झोप लागली नाही. एक घाबरून आणि एक आनंदानं.

आदल्या संध्याकाळी चाळीस बिस्किटं भाजून डब्यात भरली. चक्का टांगला. सकाळी उठून फळं धुतली. डब्यातलं एक बिस्किट कडेला मोडलं होतं. ते द्यायच्या कामाचं नव्हतं, म्हणून मी तुकडा उचलला. तोंडापर्यंत नेला, तेवढ्यात आंगणातून आवाज आला.

"अवं! खाऊन राहिली का? चतुर्थी हाये ना आज!"

तुकडा हातातच राहिला. सोळा वर्षांत माझा एकही चतुर्थीचा उपास चुकला नव्हता. आणि ही तर जानेवारीतली मोठी चतुर्थी, आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, हिंदी बायकासुद्धा धरतात. डोक्यात बिस्किटंच इतकी भरली होती की कॅलेंडरकडे बघितलंच नव्हतं. मी तुकडा खाली ठेवला, देवाला हात जोडले, म्हटलं वाचवलंस. आणि मग माझ्या लक्षात आलं. मी एकटी वाचले. त्या चाळीस बायकांचं काय?

जाऊबाईंच्याही त्याच क्षणी लक्षात आलं. त्या माझ्याकडे बघून पदर तोंडावर घेऊन हसायला लागल्या. "माय वं! मैद्याचे बिस्किट, चतुर्थीच्या दिवशी! तुझ्या ताईनं पुण्याहून येताना पंचांग नाही आणलं का?"

"त्यांनी रविवार बघितला असेल."

"सांग ना मग तिले. फोन कर."

मी ताईंना कधी आपणहून फोन केला नव्हता. त्या करायच्या, मी हो म्हणायची. मोबाईल हातात घेऊन मी नळाजवळ उभी राहिले. जाऊबाई समोर. "तू करते का मी करू? मी केला तर तुझ्या ताईचं पंचांग काढीन."

म्हणून मीच केला. ताई म्हणाल्या, "अरे देवा. निम्म्या तरी बायकांचा उपास असेल. म्हाताऱ्या तर सगळ्याच. जाऊ दे, त्यांना नुसती फळं आणि क्रीम वाट्यांत देऊ. तुम्ही वीसच बिस्किटं आणा, पैसे काही मी कापणार नाही."

त्या चांगलंच बोलल्या. पण मला काय झालं कोणास ठाऊक. नुसती फळं तर कोणीही देईल. त्यांनी सगळ्यांना माझं सांगणार म्हटलं होतं, आणि मी काय केलं म्हणून सांगणार, संत्री सोलली? मी म्हणाले, "नाही ताई. उपासाचं करते. मी करते." आणि फोन ठेवून दिला. ठेवल्यावर कळलं की मी त्यांचं पुढचं ऐकलंच नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "बापरे. हंडा फुटला."

खरं बघितलं तर फळ उपासाला चालतं, चक्का चालतो, साय चालते. अडलं होतं फक्त खालच्या बिस्किटाचं. घरात शिंगाड्याचं पीठ होतं. राजगिऱ्याचं जाऊबाईंकडे होतं. तूप, पिठीसाखर आणि दोन उकडलेली रताळी कुस्करून घातली, चिकटायला. जाऊबाई एसेन्सची बाटली हुंगून म्हणाल्या, "हे वासाचं पाणी नको टाकू, कायचं असते काय माहीत." मग वेलची कुटली. वास तर आंगणभर सुटला. पण पहिला ट्रे बाहेर काढला, एक बिस्किट उचललं, आणि ते हातातच भुगा झालं. दुसरं उचललं, तेही. शिंगाड्याला मैद्यासारखी ओढ नसते. त्याला धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे.

साडेअकरा वाजले होते. पाच वाजता हळदीकुंकू. मी भुग्याकडे बघत बसले.

जाऊबाई उठून आपल्या खोलीत गेल्या. पलंगाखालची पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं होतं. आंगणात बसून त्यांनी गाठ सोडली. आत स्टीलच्या वाट्या. नव्या कोऱ्या, एकावर एक.

मला त्या वाट्या माहीत होत्या, पण दिसल्या कधी नव्हत्या. तीस वर्षांत हळदीकुंकवाला जे जे वाण मिळालं त्यातल्या वाट्या त्यांनी वापरायला काढल्या नाहीत. नातीच्या लग्नात देईन म्हणायच्या. काहींवर देणारीचं नाव टोचून घातलेलं. तेव्हाचं स्टील जाड, वाटी हातात घेतली की वजन लागतं.

"चोवीस हायेत. यात दाब पीठ अंगठ्यानं, वाटीसकट भाज, वाटीसकट दे. काढायचं कामच नाही." मग बोट वर करून म्हणाल्या, "आणि चोवीसच्या चोवीस घरी येतील. मोजून देऊन राहिली."

मी अंगठ्यानं पीठ दाबत गेले, तळाला आणि काठाला. आठ-आठ वाट्या तीन वेळा भाजल्या. काठ बदामी झाला. शिंगाडा भाजल्यावर थोडा खरपूस, मातीसारखा वास येतो, तो मला मैद्यापेक्षा जास्त आवडला. ऑटोत मांडीवर दोन ट्रे घेऊन बसले. भैयानं दर खड्ड्याला मागे वळून विचारलं, "दीदी, सही सलामत?" मी हव म्हणायची.

ताईंच्या स्वयंपाकघरात मी वाट्या भरल्या. चक्क्याचं क्रीम, त्यावर फळं. वाटी लहान, रांगोळी पण लहान. एकीत एक फूल. मैद्याच्या बिस्किटांवर पण तेच. मग ताईंनी ट्रे उचलले आणि मी दाराच्या आड उभी राहिले.

बाहेर चमच्यांचा आवाज आला. मग एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई, उपासाचं आहे हे? चतुर्थीला मी आजवर साबुदाणा सोडून काही बघितलं नाही!" दुसरी म्हणाली, "शिंगाडा आहे ना यात? कसला खुसखुशीत!" आणि मग ज्या मैद्याचं बिस्किट घेणार होत्या त्यांचं त्यावरून मन उडालं. एक ऑफिसातली बाई म्हणाली, "मला पण उपास आहे." तिची मैत्रीण म्हणाली, "सकाळी माझ्यासमोर पोहे कोणी खाल्ले?" "आत्तापासून धरला!" सगळ्या हसल्या. ताई आत येऊन माझा दंड दाबून गेल्या. मला इतकं बरं वाटलं की मी उगाच ओटा पुसत राहिले, तो स्वच्छच होता.

थोड्या वेळानं बेसिनच्या नळाचा आवाज यायला लागला. मी बघितलं तर बायका रांगेनं वाट्या विसळत होत्या. मला वाटलं, किती चांगल्या घरच्या बायका, स्वतः धुऊन देतात. मग एकीनं वाटी रुमालानं पुसली आणि पर्समध्ये टाकली. दुसरीनं पिशवीत. तिसरी म्हणाली, "वाण काय मस्त दिलंय हो! आजकाल इतकी जाड वाटी मिळते कुठे?"

हळदीकुंकू, त्यात स्टीलची वाटी. दुसरं काय वाटणार कोणाला? मलाही तेच वाटलं असतं. ताईंनी वाण म्हणून कापडी पिशव्या आणल्या होत्या, बायकांना वाटलं वाटी ठेवायलाच पिशवी दिली. मला फक्त दारातून बाहेर येऊन एक वाक्य म्हणायचं होतं. अहो, वाट्या आमच्या आहेत. एवढंच. सकाळी हंडा फुटला होता, पण संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडला गेला असावा. मी दाराची कड धरून उभी राहिले आणि एकेक वाटी दाराबाहेर जाताना मोजली.

घरी तीन वाट्या आल्या. दोन ताईंच्या फ्रिजमध्ये उरलेल्या आणि एक सोफ्याखाली सापडलेली.

जाऊबाई आंगणातच होत्या. चंद्र निघायची वाट बघत. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तीन वाट्या हातात घेतल्या, उलट्या करून नावं बघितली, आणि आत गेल्या. दोन दिवस नळावर एक शब्द नाही. त्या गप्प बसल्या की घर ओळखू येत नाही. तिसऱ्या दिवशी बादली भरता भरता म्हणाल्या, "हळदीकुंकवाचे पैसे आले ना? बाकीचे होळीले दे. आणि नसतील होत तर ओव्हनले गिऱ्हाईक पाहून ठेवलंय मी."

मी रुमाल काढून ओव्हन पुसला. आतून पण.

ताईंना मी आपणहून सांगितलं नव्हतं. पण सोफ्याखालची वाटी घेताना माझं तोंड बघून त्यांनी विचारलं होतं आणि मला खोटं बोलता येत नाही. त्यांनी कपाळावर हात मारून बायकांच्या मोबाईलच्या ग्रुपवर लिहून टाकलं की वाट्या वाण नव्हत्या, कोणाच्या तरी घरच्या होत्या, कृपया परत कराव्यात. पत्ता पण दिला. मला हे माहीतच नव्हतं. म्हणून चौथ्या दिवशी दारात रिक्षा थांबली तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकला.

ती चतुर्थीची म्हातारी होती, साबुदाण्याचं बोलणारी. हातात वाटी, वाटीत बोरं. जाऊबाईंनी दार उघडलं. म्हातारी म्हणाली, "बाई, चूक झाली आमची. पण एक विचारू? ही वाटी तुमच्याकडे कशी आली? यावर माझ्या सासूचं नाव आहे."

जाऊबाईंनी वाटी घेतली, नाव बघितलं. "तुमच्या सासूबाईनं दिली ना! मी नवी नवरी होती. पयलं हळदीकुंकू माझं. तुमच्या घरी झोपाळा होता, हिरवा."

"अजून आहे."

"मी त्याच्यावर बसली आन् तुमच्या सासूबाई म्हणाल्या, नव्या नवरीनं पाय नाही हलवायचे."

"हो! मलाही तेच म्हणायच्या!"

दोघी दोन तास बसल्या. मी चहा केला, दोनदा. जाताना म्हातारी माझ्याकडे वळली. "आमचं एकादशीचं भजन असतं, तीस जणी. दर वेळी तीच खिचडी. तू देशील का ते शिंगाड्याचं? पैसे आधी घे."

मी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाई म्हणाल्या, "देईल ना! काहून नाही देणार?"

त्यानंतर रोज कोणी ना कोणी यायचं. रिकामी वाटी कोणी परत देत नाही, हे बरं. एकीनं तीळ आणले, एकीनं वाटीभर तांदूळ, एकीनं वाटीवर एक बिही, म्हणजे पेरू, ठेवला होता, वाटीपेक्षा मोठा. ऑफिसातली पोह्यांच्या उपासवाली आली, तिच्या वाटीत सुके अंजीर. प्रत्येक वाटी जाऊबाई उलटी करून बघायच्या आणि कोणाच्या घरी, कोणत्या साली मिळाली ते सांगायच्या. येणारी थांबायची, ऐकायची, आणि जाताना काहीतरी सांगून जायची. शनिवारी दहा पाठव. शिवरात्रीला पंचवीस. मुलगी म्हणाली, "मम्मी, बड़ी मम्मी तो आपकी सेल्समैन हो गई." जाऊबाई म्हणाल्या, "चूप बस, पोट्टी. वाट्या मोजू दे."

महाशिवरात्रीला तर इथे सगळेच उपास करतात, आपले, हिंदीवाले, छत्तीसगढी. दोन दिवस ओव्हन गार झाला नाही. वाट्या पुरेनात म्हणून जाऊबाईंनी आपल्या रोजच्या पण काढून दिल्या आणि आदल्या रात्री सगळ्यांना आमटी ताटातच वाढली. आता मी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवते, "वाटी परत द्यावी." चिठ्ठी मुलीकडून लिहून घेते, माझं अक्षर कोणी वाचायचं.

एकवीसपैकी अठरा वाट्या परत आल्या. तीन राहिल्या. जाऊबाईंना त्या तिन्ही कुठल्या ते पाठ आहे आणि त्या अधूनमधून त्यांचा विषय काढतात. काढोत बापड्या.

होळीला चार दिवस होते. दुपारी ऊन आंगणात आडवं पडलं होतं आणि त्यांचा जुना कूलर यंदा पहिल्यांदाच लावल्यामुळे आतून ट्रकसारखा आवाज येत होता. मी उरलेले सगळे पैसे म्हातारीच्या सासूच्या नावाच्या वाटीत ठेवले आणि नेऊन त्यांच्यासमोर धरली.

जाऊबाईंनी नोटा काढल्या. अंगठा जिभेला लावून एकदा मोजल्या, मग उलट्या करून पुन्हा मोजल्या. "बरोबर हायेत," म्हणाल्या. नोटा पदराच्या गाठीत गेल्या. रिकामी वाटी माझ्या हातात देता देता त्या थांबल्या, उठल्या, साखरेचा डबा उघडला आणि वाटीत दोन चमचे साखर टाकली.

"घे. फिटले सगळे."